रक्तदाबाचा पट्टा आणि गावगाडा

राळेगणसिद्धीविषयी मराठीत इतके लिहून झाले आहे की आता त्यात आणखी भर घालण्याचे कारण काय, असे कुणीही विचारील. १९७५ साली सैन्यातून परतलेले अण्णा हजारे, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार, दारूच्या भट्ट्यांचा बंदोबस्त, नालाबंडिंग, श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी हा क्रम पारनेर तालुक्यातले शाळकरी पोरही तोंडपाठ सांगते. मी या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी विद्यार्थ्यांची अभ्याससहल राळेगणला न्यावी लागते. बंधारे दाखवून होतात, झाडे दाखवून होतात, फोटो निघतात. आणि परतताना बसमध्ये मला एकच गोष्ट टोचत राहते. इथे पाण्याचा इतिहास लिहिला गेला, दारूचा लिहिला गेला, एका पुरुषाच्या त्यागाचा तर फारच लिहिला गेला. पण या दुष्काळी मुलखातल्या माणसाच्या शरीराचा इतिहास कुठे आहे? कोण आजारी पडले, त्याला कुणी हात लावला, कुणी लावला नाही, औषध कुणी आणून दिले, आणि आणून देणारीला काय मिळाले, हे प्रश्न आदर्श गावाच्या गोष्टीत येत नाहीत. गावकुसाबाहेरच्या माणसाला मात्र तेच प्रश्न आधी सुचतात.

प्रस्तुत लेखात ते प्रश्न मला एका साध्या आजाराच्या निमित्ताने विचारावयाचे आहेत. तो आजार म्हणजे रक्तदाब. खेड्यात त्याला ‘बीपी’ म्हणतात. तो ओळखायला मोठा डॉक्टर लागत नाही. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, आकडा पाहायचा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे वारंवार जात असेल तर गोळी सुरू करायची आणि ती रोज घ्यायची. एवढेच. पण हे ‘एवढेच’ करायला दर महिन्याला दारात येणारे कुणीतरी माणूस लागते. आज हे काम आशाताईच्या गळ्यात आणि तिच्या मोबाईलमध्ये येऊन पडले आहे. तिला हे काम कुठल्या इतिहासातून मिळाले, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

रक्तदाब हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार, अशी एक पांढरपेशी समजूत अजून आहे. ती खोटी आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण निघाले ते लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. दर सात मृत्यूंमागे एक त्याचा होता. लकव्याच्या मागे बहुतेक वेळा रक्तदाब उभा असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की देशातील प्रौढ पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यासाठी औषध चालू आहे.

आमच्या वस्तीला हे सांगायला पाहणीची गरज नव्हती. माझी आजी तिसऱ्या दिवशी गेली. सकाळी चुलीपुढे बसली असताना तोंड वाकडे झाले, उजवा हात लोळागोळा झाला. कुणी म्हणाले वारं गेलं, कुणी म्हणाले बाहेरचं आहे. कबुतराचे रक्त चोळा, असेही सांगून झाले. तिच्या दंडाला जन्मात कधी पट्टा बांधला गेला नव्हता. तिने आयुष्यभर खाल्ले काय? भाकरी, मिरची-मीठ, पावसाळ्यात सुकट-बोंबील. भाजी घ्यायला पैसा नसला की मीठ हेच कोरड्यास होते. वर दिवसातून दोन-तीनदा मिश्री. आज आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘मीठ कमी खा’ असे लिहिलेले असते, ते शास्त्र म्हणून बरोबरच आहे. परंतु ज्याच्या ताटात मिठावाचून दुसरी चवच नाही त्याला ते वाक्य कसे ऐकू येत असेल, याचा विचार भिंत रंगवणाऱ्याने केलेला नसतो.

आता पट्ट्याकडे येऊ. इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरने १८९६ साली दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि रशियाच्या कोरोत्कोव्हने १९०५ साली स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून दोन्ही आकडे कसे मोजायचे ते दाखवले. म्हणजे हे साधन सव्वाशे वर्षांचे झाले. ते आमच्यापर्यंत यायला इतका वेळ का लागला? गरिबी हे उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर स्पर्शात आहे. ताप अंदाजाने सांगता येतो, गोळी वरून टाकता येते, बाटली उंबऱ्यावर ठेवता येते. रक्तदाब मात्र अंगाला हात लावल्याशिवाय मोजताच येत नाही. बाही वर सारायची, दंड हातात घ्यायचा, पट्टा गुंडाळायचा, नाडी चाचपायची. अस्पृश्यतेच्या समाजात हे यंत्र आपोआप निकामी होते. माझे वडील सांगत की त्यांच्या लहानपणी तालुक्याच्या एका दवाखान्यात कंपाउंडर आमच्या लोकांच्या ओंजळीत पुडी वरून सोडी. नाडी पाहायची झाली तर मनगटावर कापड टाकून पाहिली जाई. ज्या हाताने नाडी कापडावरून पाहिली, त्या हाताने पट्टा कुठून बांधला असता?

या पार्श्वभूमीवर १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाईंची आठवण होते. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपल्याकडे या घटनेकडे करुणेची गोष्ट म्हणून पाहतात. मला ती आरोग्यसेवेच्या इतिहासातली पहिली पायरी वाटते: आधी स्पर्श, मग औषध. नगर जिल्ह्यात पुढे मिशनच्या दवाखान्यांनी हे काम केले, त्याचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण मिशनचा दवाखाना शहरात किंवा मोठ्या गावात. वस्तीतल्या माणसाने तिथवर चालत जायचे. दवाखाना वस्तीपर्यंत चालत आला तो १९७० नंतर, आणि तोही याच जिल्ह्यात. राळेगणपासून दूर, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेले. त्यांनी आधी जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले, मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांचे नाव झाले. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र मला ज्या गोष्टीचे महत्त्व वाटते ती वेगळी आहे. सुरुवातीला त्यांनी खेड्यात शिकलेल्या नर्सबाया पाठवल्या. ते जमले नाही. बाहेरची, शहरी वळणाची मुलगी गावात टिकेना आणि गावही तिचे ऐकेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायची असे ठरले. गावाने निवडलेली, बहुधा निरक्षर, चाळिशीकडे झुकलेली, कधी विधवा, कधी टाकलेली, आणि त्यांत कितीतरी महार-मांगांच्या. या बायांना जामखेडला बोलावून, एकत्र जेवू-राहू घालून शिकवले गेले. वेगवेगळ्या जातींच्या बाया एका ठिकाणी झोपू लागल्या, एका पंगतीत बसू लागल्या. पहिल्यांदा कुरबुर झाली, मग मोडली. गरोदर बाईला तपासणे, बाळाचे वजन करणे, जखम धुणे, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी देणे, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणे हे सगळे त्या तोंडी शिकल्या. रक्तदाब पाहणेही शिकल्या. गरोदरपणात तो वाढला तर बाई आणि मूल दोन्ही जातात, म्हणून पहिल्यांदा त्याची गरज पडली. पुढे गोवर-जुलाब मागे हटले आणि रक्तदाब-मधुमेह पुढे आले, तेव्हा त्याच सेविका त्याही कामाला लागल्या.

अक्षर न ओळखणारी बाई पाऱ्याची रेघ ओळखते, हा मुद्दा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. ज्ञान म्हणजे साक्षरता नव्हे, आणि साक्षरता नाही म्हणून बुद्धी नाही असे मानणारी व्यवस्था किती मोठी बुद्धी वाया घालवीत होती, याचा पुरावा जामखेडने दिला. प्रकल्पातल्या गावांत १९७१ साली बालमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ होते. १९९० च्या दशकात ते विशीच्या घरात आले. हे काम डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून झालेले नाही. १९८८ साली जामखेडच्या मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा सभागृहातल्या झळाळत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी आपल्या पणतीचे महत्त्व सांगितले: झुंबर एका दालनापुरते, पणतीने मात्र दुसरी पणती लावता येते. सगळे सभागृह उभे राहिले असे सांगतात.

जामखेडची आणखी एक गोष्ट आमच्या इतिहासाच्या पुस्तकात यायला हवी. १९७२ च्या दुष्काळात हातपंपांसाठी विंधनविहिरी घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी पाणी शोधणाऱ्याला दलित वस्तीतच जागा पाहायला लावली. पाणी तिथेच लागले असे गावाला सांगितले गेले आणि गाव घागर घेऊन वस्तीत आले. चवदार तळ्याच्या वाटेने चालत जाण्याऐवजी इथे तळेच आपल्या दारात आले, म्हणा. हा विद्रोह नव्हे, युक्ती होती, हे खरे. तरीही मी तिला कमी लेखत नाही.

आणि एक उणेही सांगितले पाहिजे. जामखेडच्या सेविकांना नियमित पगार नव्हता. त्यांना शेळ्या-कोंबड्या, छोटे कर्ज, एखादा धंदा असे उत्पन्नाचे मार्ग दाखवले गेले. सेवा ही सेवाच राहिली. पण तिच्या बदल्यात ज्ञान त्यांच्या मालकीचे झाले होते. कुणाला पाठवायचे, कुणाला घरीच सांभाळायचे, हा निर्णय त्या घेत.

जामखेडचा हा अनुभव जगाने उचलला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ साली अल्मा-आटा येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ची घोषणा झाली. त्याच वर्षी याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. योगायोग आहे, त्याहून जास्त काही नाही. पण मला हे दोन्ही एकत्र वाचावेसे वाटतात, कारण अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यातली सेवा भारतात प्रत्यक्ष उतरली ती बलुत्याच्या साच्यात.

ते कसे, हे सरकारी शब्दांवरून कळते. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना काढली. महिना ५० रुपये मानधन. नेमले गेले ते बहुतांश पुरुष, गावच्या पुढाऱ्यांच्या मर्जीतले. थोड्याच दिवसांत नाव बदलले: ‘कार्यकर्ता’ जाऊन ‘स्वयंसेवक’ आला. १९८१ मध्ये तोही जाऊन ‘आरोग्य मार्गदर्शक’ झाला. कार्यकर्ता म्हटले तर काम आले आणि काम म्हटले तर वेतन मागेल. स्वयंसेवक म्हटले की प्रश्न मिटला. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा आली. महाराष्ट्रात तिचे सरकारी नाव ‘आशा स्वयंसेविका’. पगार नाही, कामावर आधारित मोबदला: बाळंतपणाला नेले तर इतके, लस दिली तर इतके. तिशीपुढच्या माणसाच्या घरी जाऊन वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल, आई-बापाचा आजार विचारून जो सी-बॅक फॉर्म भरायचा, त्याचे केंद्राच्या सूचनेप्रमाणे दहा रुपये. गुण चारच्या वर गेले की त्या माणसाला रक्तदाब-साखरेच्या तपासणीला आधी आणायचे.

माझे आजोबा येसकर होते. वतनाच्या कामाला वेळ नव्हती. सरकारी टपाल पोचवायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, मयताची खबर गावोगाव न्यायची. घरातला पुरुष नसला तर बाईने, पोराने जायचे. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि गावाने दिले तर बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा त्यांचे मुख्य म्हणणे हेच होते की काम सरकारचे आहे, मग वेतन सरकारने द्यावे. रयतेच्या मर्जीवर ते सोडू नये. तेव्हा ते झाले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

आता आशाताईचा दिवस पाहा. रात्री दोनला कळा सुरू झाल्या की फोन. साथ आली की सर्वे. निवडणूक आली की वेगळेच. मोबाईल बंद पडला तर नवऱ्याचा, पोराचा. काम सरकारचे, देणे मात्र ‘प्रोत्साहन’. वतनात आणि आशात फरक आहे, हे मला कळते. हिला कुणी जन्माने नेमलेले नाही. ती राजीनामा देऊ शकते. तिच्या कामाला मान आहे. तिच्यात सगळ्या जातींच्या बाया आहेत. पण कामाला ‘काम’ न म्हणण्याची जी हातोटी गावगाड्याने हजार वर्षे जोपासली, ती लोकशाही राज्याने किती सहज उचलली, हे पाहून आश्चर्य वाटते. आणि हा भार बाईवर टाकताना तिचे मातृत्व, तिची ममता यांचे गोडवे गायले जातात, तेव्हा ते आणखी जुन्या पोथीतले वाटते.

इथे मला पुन्हा राळेगणकडे यावे लागते, कारण ‘श्रमदान’ हा शब्द त्या गावाने महाराष्ट्राला दिला नसला तरी प्रतिष्ठित केला. तिथल्या कामाचे मोल मी नाकारीत नाही. कर्जात बुडालेल्या दलित कुटुंबांची जमीन गावाने श्रमदानाने कसून त्यांचे कर्ज फेडले, ही गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. परंतु दानासाठी आधी श्रम आपल्या मालकीचे असावे लागतात. ज्याच्या बापजाद्यांचे श्रम वेठीने घेतले गेले त्याला ‘श्रम दान कर’ म्हणताना शब्द जरा जपून वापरावा. शिवाय ज्याची विहीर बंधाऱ्याखाली आहे त्याचे दान त्याच्याच विहिरीत परत येते. भूमिहीनाचे कुठे येते? पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांच्या पाणी पंचायतीने भूमिहीनालाही पाण्याचा हक्क दिला, तेव्हा या प्रश्नाची निदान दखल घेतली गेली. मुकुल शर्मा यांनी राळेगणचा अभ्यास करून असे मांडले आहे की दलितांना गावाच्या कुटुंबात घेतले गेले, मात्र कुटुंबात कुणाची जागा कोणती हे परंपरेनेच ठरत राहिले. मला हे पटते. आदर्श गावाच्या कल्पनेत सेवा असते, त्याग असतो, शिस्त असते. वेतनाचा हिशेब नसतो.

हे सारे घेऊन आता मोबाईल आला आहे. २०१७-१८ पासून आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्हज’ ही संस्था यांनी रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या पंचवीस जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. आपला जिल्हा नव्हता. त्या कार्यक्रमाचे सूत्र साधे आणि माझ्या मते उत्तम आहे. डॉक्टरागणिक वेगळी गोळी नाही. पहिली गोळी अम्लोडिपिन, आकडा उतरला नाही तर पुढची कोणती हे ठरलेले. औषध महिनाभराचे एकदम. गोळ्यांचा साठा आधी, तपासणी मागून. रुग्णाच्या हातात कार्ड, कार्डावर चौकोनी ठिपक्यांची खूण, ती मोबाईलला दाखवली की ‘सिम्पल’ नावाच्या ॲपमध्ये मागचे आकडे समोर. जो ठरलेल्या तारखेला आला नाही त्याचे नाव यादीत वर येते आणि त्याला फोन करायचा. ‘विसरलेला माणूस’ पहिल्यांदा यादीत आला, हे या यंत्राचे श्रेय. पूर्वी जो येत नसे तो नोंदवहीतूनच नाहीसा होई आणि त्याची आठवण लकवा झाल्यावर निघे. २०२२ साली या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला तो योग्यच म्हणावा लागेल.

मग माझे दुखणे काय? असे की मोबाईल दिला म्हणजे आरोग्य दिले, हा समज. आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात आशांच्या हाती टॅबलेट देऊन, धोका कुणाला हे यंत्रानेच सांगावे अशी व्यवस्था करून मोठा प्रयोग झाला. २०१९ साली निष्कर्ष आले: रक्तदाब ताब्यात येण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जवळपास तसाच प्रयोग इंडोनेशियात मलांग जिल्ह्यात झाला, तिथे फरक पडला. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका यांच्या खेड्यांत सरकारी आरोग्यसेविका घरोघर जाऊन रक्तदाब मोजीत, समजावीत आणि प्रशिक्षित डॉक्टरकडे पाठवीत. तिथे दोन वर्षांत वरचा आकडा इतर गावांपेक्षा सरासरी पाच अंशांनी अधिक उतरला, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. या तिन्हींतून मी काढतो तो अर्थ असा: सेविका सगळीकडे आपले काम करतेच. तिच्या पाठीमागे डॉक्टर आणि गोळी उभी आहे की नाही, यावर निकाल ठरतो. ॲप हा दुवा आहे. दुव्याच्या पलीकडे काही नसेल तर आशाताई फक्त वाईट बातमी सांगणारी होते. मयताची खबर नेणारा येसकर मला इथे आठवतो.

वस्तीत काय दिसते तेही सांगतो. माझे गाव ऊसतोडीला जाणाऱ्यांचे. दिवाळीनंतर कोयता उचलला की अर्धी वस्ती कारखान्याच्या फडावर. ॲपमध्ये ही माणसे ‘तारीख चुकलेली’ म्हणून लाल होतात. फोन लावला तर तो मुकादमाकडे किंवा नवऱ्याच्या खिशात. माझ्या आईने अठरा हंगाम तोड केली. तिचा रक्तदाब सापडला तो २०२० च्या सप्टेंबरात, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर आजारांची विचारपूस करीत होती तेव्हा. तिने आईला उपकेंद्रावर नेऊन तपासायला लावले. फडावर असती तर सापडला नसता. चक्कर आली की गोळी, नाही आली की नाही, असा आईचा पहिल्यांदा हिशेब होता. तो आशाताईने मोडला, ओसरीवर बसून, चहा पिऊन, चार वेळा तेच सांगून. चहाचा उल्लेख मुद्दाम करतो. आमच्या वस्तीत येऊन चहा न पिणाऱ्या, पट्टा बांधायची वेळ आली की नर्सबाईकडे बोट दाखवणाऱ्या आशाही मी पाहिल्या आहेत. कोणत्या ॲपात हा रकाना आहे?

दुसरे असे की जामखेडच्या बाईला जे कळत होते ते तिचे होते. आजची आशा किंवा नर्सबाई आकडा भरते, पडद्यावर रंग येतो, रंग सांगेल ते करायचे. आकडा जिल्ह्याला जातो, जिल्ह्याचा राज्याला. गावाचा तक्ता गावात परत येत नाही. ‘आपल्या वस्तीत किती जणांचा आटोक्यात आहे?’ असे मी एका आशाताईला विचारले. ती म्हणाली, “ते वर माहीत असतंय, सर.” ती दहावी झालेली आहे आणि हुशार आहे. ‘वर’ हा शब्द तिने ज्या सहजतेने वापरला तीच गावगाड्याची भाषा.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्याआधी जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या आणि त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा गेल्या. ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही त्यांची एक मागणी होती. काहींनी त्यांना ‘तंत्रज्ञानाला घाबरणाऱ्या’ म्हणून हिणवले. त्या घाबरत नव्हत्या. फोन स्वतःचा, बॅटरी स्वतःची, नेटवर्क शोधत टेकाडावर चढायचे पाय स्वतःचे, आणि काम मात्र मोजदादीत नाही, याला त्यांचा नकार होता. २०२४ च्या सुरुवातीला त्या आझाद मैदानावर बसल्या, आणि मार्चमध्ये सरकारने मासिक मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. शब्द ‘मोबदला’च राहिला. वेतन, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन हे शब्द अजून त्या कागदावर उमटलेले नाहीत.

मोबाईल आल्यापासून जुन्या नोंदवह्या रद्दीत जाऊ लागल्या आहेत. मी माझ्या विद्यार्थ्यांना त्या गोळा करायला लावले आहे. रुग्णांची नावे झाकून, आशाताईंच्या परवानगीने. आतापर्यंत एकवीस वह्या जमल्या. त्यांत तारीख, घर क्रमांक, आकडा आहे, आणि समासात त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेले शेरे आहेत: ‘तोडीला गेली’, ‘गोळी संपली, केंद्रात नाही’, ‘मिश्री सोडली’, ‘सून घरात येऊ देत नाही’, ‘पाय सुजले, नेलं’, ‘वारली’. ॲपमध्ये समास नाही. या शेऱ्यांची यादी करण्याचे काम यंदाच्या दुसऱ्या सत्रात तृतीय वर्षाच्या मुली करणार आहेत. त्यांतल्या दोघींच्या आया आशा आहेत, आणि एकीची आजी सुईण होती.